लाटांची बेअरिंग आणि सूक्ष्म खळग्यांचे वंगण

गळीत हंगाम ऐन भरात असताना साखर कारखान्यात रस काढणारी एखादी लाट बेअरिंग तापल्यामुळे थांबली, की त्याची झळ थेट उसाच्या फडापर्यंत पोहोचते. तोडलेला ऊस तासागणिक वाळतो. वजन घटते आणि साखरेचा उताराही. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर व नवापूर तालुक्यातील डोकारे ही सहकारी साखर कारखान्यांची गावे. वंगण हा विषय तेथे केवळ अभियंत्यांपुरता उरत नाही.

या लाटा मिनिटाला जेमतेम 4 ते 6 फेरे घेतात. त्यांवरचा भार मात्र शेकडो टनांचा. वेग इतका मंद असला, की तेलाचा थर धरत नाही आणि धातू धातूला घासतो. गनमेटलच्या पारंपरिक बेअरिंगऐवजी रोलर बेअरिंग बसविल्यास घर्षण घटते. त्यापुढचा उपाय म्हणजे पृष्ठभागावर लेसरने सूक्ष्म खळगे पाडणे. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेतील प्रा. इझाक एट्सिऑन यांनी 1990 च्या दशकात या तंत्राला दिशा दिली. जात्याला टाकी लावतात ती दाणा भरडला जावा म्हणून. येथे खळगे तेल साठवतात आणि टंचाईच्या क्षणी पुरवितात.

रोलर बेअरिंगच्या बाबतीत मात्र हा उपाय सरसकट लागू पडत नाही. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड. रोलर कडीवर लोळतो तेथील तेलाचा थर बहुधा 1 मायक्रॉनहूनही पातळ, आणि दाब वातावरणाच्या 10 हजार पटींहून अधिक असू शकतो. खळगा खोल असेल तर भोवतीचा थर तुटतो, कडेवर ताण एकवटतो आणि पोलादाचे टवके निघू लागतात. म्हणजे औषधानेच रोग! मायक्रॉनच्या अंशाइतके उथळ खळगे मंद वेगात उपयुक्त ठरल्याचे प्रयोगांत आढळले आहे. रोलरची टोके काठाला घासतात, ती जागाही त्यासाठी योग्य.

प्रयोगशाळेतील तेल स्वच्छ असते. गाळपाच्या ठिकाणी रस, पाणी आणि चिपाडाचा भुसा उडत असतो. सील फाटले, तर खळग्यांत तेलाऐवजी हाच कचरा साचणार. त्यामुळे लेसरवरील खर्चाआधी सील आणि हंगामपूर्व तपासणीवर पैसा घालणे कारखान्यांच्या अधिक हिताचे. खळग्यांचा प्रयोग करायचाच असेल, तर तो आधी गनमेटलच्या जुन्या, घसरत्या बेअरिंगवर व्हावा. या तंत्राचे मूळ क्षेत्र तेच आहे.