गाळ रानात नको, वाफ्यात मुरू द्या

नांदेडचे नाले गोदावरीत उतरतात यावर ओरड होते, ती रास्तच आहे. पण शुद्धीकरणानंतर मागे उरणाऱ्या गाळाचे काय? पाणी निवळते ते घाण गाळात बसते म्हणून. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक गाळालाच घट्ट चिकटते, तांबे-जस्तही तिथेच साचते आणि औषधाला न जुमानणारे जंतू ती ताकद शेजारच्या जंतूंना देत राहतात. असा गाळ ‘फुकटचे खत’ म्हणून थेट रानात पसरावा, हे मला मुळीच मान्य नाही.

नांदेड आणि लातूरने गाळासाठी वनस्पतींचे वाफे करावेत. तळाला खडी, वर वाळू, त्यात देवनळ किंवा पाणकणीस. पातळ गाळ पाळीपाळीने सोडायचा. वाऱ्याने देठ हलले की बुंध्याभोवतीच्या सायीला भेगा पडतात आणि त्यातून पाणी खाली निथळते. ते पुन्हा शुद्धीकरणाला न्यायचे. मुळांवाटे हवा आत शिरते, गाळ वर्षानुवर्षे कुजत, आटत जातो. डेन्मार्कमध्ये हे कित्येक वर्षे चालू आहे. लेहच्या थंडीतही 2017 पासून सेप्टिक टँकचा मैला अशाच वाफ्यांवर जातो.

‘2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाणथळीचे लाड कशाला?’ असे विचारतात. पातळ गाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. वाफा त्यावरच जगतो. आपले मे महिन्याचे ऊन तर गाळ वाळवायला फुकट मिळते. डासांचे म्हणाल, तर पाणी साचूच द्यायचे नसते.

खरा आक्षेप वेगळा आहे: जंतूंचा औषधांना असलेला प्रतिरोध पूर्ण जात नाही. बरोबर. उपासमार, कोरड आणि काळ यांनी जंतू घटतात, बरीच औषधे विघटित होतात. पण काही जनुके टिकतात आणि धातू तर कुठेच जात नाहीत. म्हणून वाफा मोडण्याआधी त्याला बरेच महिने नवा गाळ द्यायचा नाही आणि निघालेला माल भाजीपाल्याला न घालता आधी झाडांना द्यायचा. रुग्णालयांचे सांडपाणी तिथल्या तिथेच शुद्ध झाले पाहिजे. ते तसेच गटारात आले तर कोणताही वाफा पुरा पडणार नाही. पण वाफा शंभर टक्के काम करत नाही म्हणून गाळ उघड्यावर टाकायचा, हा कुठला न्याय?

नांदेडला विद्यापीठ आहे, लातूरला कृषी आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. महापालिकांनी एकेक वाफा आखावा, गाळाचे नमुने या संस्थांकडे द्यावेत, धातूंबरोबर प्रतिरोधी जनुकेही मोजायला लावावीत आणि आकडे दरवर्षी नागरिकांपुढे ठेवावेत.