मेडिक्लेम हाये ना!

"मेडिक्लेम हाये ना, मंग अजून कायले पायजे?" आमच्याकडे गाडी घेताना हे वाक्य ठरलेलं. साफ चूक, मंडळी!

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनेस विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्यावरची प्रत्येक गाडी विम्याची झाली नाही. अशा बिनविम्याच्या गाडीनं उडवलं तर मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देईल. पाय गेला तर घर कोण चालवेल? भरपाई त्या गाडीमालकाकडूनच वसूल करायची. तो कफल्लक निघाला तर निकालाची फ्रेम भिंतीवर लावा! गाडी पळाली, सापडलीच नाही, तर सरकारी भरपाई मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार.

म्हणून मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा 'फालतू खर्च' म्हणून टाळू नका. मृत्यू झाला तर पूर्ण, एक पाय गेला तर निम्मी रक्कम; समोरच्याचे कागद तो विचारत नाही. मागे बसणारीला मात्र तो लागू नाही. तिच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या. नव्या गाडीचे पेढे नंतर वाटा, आधी हे करा.