शेवळं, काकडं आणि जपानी पंगत

क्योतोमधल्या लहान उपाहारगृहांविषयी अलीकडे बरेच वाचनात आले. आठ-दहा माणसांची जागा, मेनूकार्ड नाही. बाजारात त्या दिवशी जे उत्तम मिळाले त्यावरून आचारी बेत ठरवणार आणि एकेक पदार्थ छोट्याशा वाडग्यातून समोर येणार. या पद्धतीला 'काइसेकी' म्हणतात. ऐन भरातल्या जिन्नसाला त्यांच्याकडे 'शुन' असा खास शब्द आहे. नुकत्याच आलेल्याला 'हाशिरी' आणि निरोप घेणाऱ्याला 'नागोरी'. जपानी खाद्यपरंपरेला युनेस्कोने २०१३ साली सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यताही दिली.

कौतुक आहेच. पण हे सगळे वाचताना मला आठवत होता तो आपला बदलापूरचा बाजार.

पहिल्या पावसाच्या आगेमागे ठाकूर, कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हा खेळ. शेवळं खाजरी, म्हणून शेजारी आंबट काकडांचा वाटा ठेवलेला असतोच. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडांचा रस घालून खाज मारायची. जपानी आचारीसुद्धा बांबूचे कोंब तांदळाच्या कोंड्यात उकळून त्यांचा उग्रपणा काढतो. काय फरक आहे हो दोघांत? एवढाच, की त्याला आपण कलावंत म्हणतो आणि हिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो.

शेवळं सरली की फोडशी, टाकळा, भारंगी, मग कंटोली. शिवाय उल्हासनगरच्या सिंधी घरांत कमळकाकडी शिजते, तीही जपान्यांची आवडती. एकाच लोकलच्या रस्त्यावर एवढा ऐवज आहे आणि आपल्या हॉटेलांत मात्र बारा महिने पनीर!

म्हणून मला वाटते, आपल्या या तीन गावांत कुणीतरी दहा पानांची खानावळ काढावी. रोजचा बेत त्या भाजीवालीच्या टोपलीवरून ठरावा. तिला योग्य दाम मिळावा आणि फळ्यावर भाजीच्या नावाबरोबर ती कुठल्या पाड्यावरून आली तेही लिहावे.

कुणी म्हणेल, अशाने रान ओरबाडले जाईल. शंका रास्त आहे. शेवळाचा आपण खातो तो फुलोरा. सगळाच खुडला तर बी कुठून धरणार? पण म्हणूनच पाने दहाच हवीत. शेवळं संपली की 'संपली' असे सांगण्याची हिंमत मालकात हवी आणि ते ऐकून घेण्याची गिऱ्हाइकात. खरा धोका मला वेगळाच दिसतो. डोंगराच्या पायथ्याशी इमारती चढत आहेत आणि शेवळं निवडता येणारे हात घरोघरी कमी होत आहेत. ज्या भाजीचे नावच मुलांना ठाऊक नाही, तिच्या रानासाठी उद्या भांडणार कोण?

शेवळांत कुणी वाल घालते, कुणी कोलंबी, कुणी खिमा. तुमच्या घरी काय घालतात? जरूर कळवा. निदान लिहून तरी ठेवू.