टायर तिकडचे, धूर इकडचा

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. त्यात दोन महिला आणि दोन लहान मुले दगावली. तिथे युरोपातून आलेले टायर वापरले जात होते, असे बीबीसीच्या वृत्तात म्हटले होते. श्रीमंत देशांचा कचरा गरिबांच्या दारात कसा येतो, हे समजण्यासाठी दूर आफ्रिकेत जाण्याची गरज नाही.

टायर बंद भट्टीत सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की तेल, काळी पूड आणि पोलादी तारा मिळतात. या प्रक्रियेला पायरोलिसिस म्हणतात. चांगली यंत्रणा असेल तर वायू आणि धूळ अडवता येते. पण ती महाग पडते. जिथे पैसे वाचवायचे असतात, तिथे भट्टी पुरती थंड होण्याआधी उघडली जाते आणि मजुरांना पूड हाताने भरावी लागते.

या धुरात बेंझिनसारखी रसायने असतात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांच्यामुळे दमा बळावतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद आणि फुप्फुसे अजून वाढीला लागलेली, म्हणून त्यांना त्रास अधिक. सरकारी दवाखान्यात अशा रुग्णाच्या केसपेपरवर ‘जुनाट खोकला’ एवढेच लिहिले जाते. टायर कुठून आला, यासाठी त्यावर रकाना नसतो.

उघड्यावर रचलेल्या टायरांत पाणी साचते आणि डेंग्यूचे एडिस डास वाढतात. त्यांची अंडी कोरड्या टायरमध्येही काही महिने तग धरतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन भागात आशियाई ‘टायगर’ डास आढळला. तो आशियातून आलेल्या जुन्या टायरांतूनच तिथे पोहोचला, असे मानले जाते. म्हणजे टायरांबरोबर रोगही प्रवास करतात.

मग कायदा काय करतो? घातक कचऱ्याच्या वाहतुकीवर १९८९ चा बाझेल करार आहे. पण पुनर्वापरासाठी निघालेले टायर त्यात घातक धरले जात नाहीत. त्यामुळे घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागत नाही. भारताने २०२२ मध्ये पायरोलिसिससाठी टायर आयात करण्यावर बंदी घातली. मात्र देशातले टायर असे वापरण्यास मुभा आहे. कागदावर ‘पुनर्वापर’ लिहून आलेला माल बंदराबाहेर पडून देशी मालात मिसळला, की तो ओळखायचा कसा?

या धंद्यावर अनेकांची चूल पेटते, असे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण सुरक्षित काम मागणे म्हणजे काम बंद करा म्हणणे नव्हे.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२१ पासून, काही अपवाद सोडता, अख्खे जुने टायर परदेशी पाठवणे थांबवले. इतर श्रीमंत देशांनाही ते जमेल. आपल्याकडे बंदरापासून कारखान्यापर्यंत प्रत्येक खेपेचा माग ठेवायला हवा आणि कारखान्याभोवतीच्या गावांची नियमित आरोग्य तपासणी व्हायला हवी. कचरा स्वस्तात निघाला असे ज्यांना वाटते, त्यांच्या हिशेबात औषधोपचाराचा खर्च धरलेलाच नाही. तो आज मजूर आणि सरकारी रुग्णालये भरत आहेत.