कापसाचा बोळा आणि कपाशीचं औषध

भेंडी तपासायची असेल तर मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणा. कापसाचा बोळा त्यात बुडवून भेंडीवर किंवा हिरव्या मिरचीवर एका जागी घासा. बोळा हिरवा झाला की समजायचं, मॅलकाइट ग्रीन लावलंय. हा कापड रंगवायचा रंग. वाटाण्याचे दाणे काचेच्या पेल्यात पाणी घालून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. पाण्याला रंग सुटला तर दाणे फेका. रताळ्याची साल ओल्या बोळ्याने पुसली आणि बोळा लाल झाला, तर वर रंग चोपडलेला आहे. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘डार्ट’ नावाच्या पुस्तिकेत असे प्रयोग दिले आहेत. सुटीत मुलांच्या हाती द्यावेत इतके सोपे.

पण बोळ्याला रंग कळतो, फवारा कळत नाही. औषधाचा भाजीत उरलेला अंश किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तो वासाने, चवीने किंवा मिठाच्या पाण्याने ओळखता येतो असं कुणी सांगितलं तर खुशाल दुर्लक्ष करा. त्याला प्रयोगशाळाच लागते. युरोपला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांसाठी २००६पासून ‘ग्रेपनेट’ आहे. अंश तपासल्याशिवाय माल जात नाही. आठवडी बाजारातल्या सांभाराच्या जुडीला एवढा मान कुठला!

आणि फवारा म्हणजे काय, हे यवतमाळला कुणी शिकवायला नको. २०१७च्या खरिपात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप, तोंडासमोर झाड, अंगात साधा सदरा. पानावर पडायचं ते औषध माणसाच्या नाकातोंडात गेलं. जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात गेले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५पासूनच बंदी आहे. कागदोपत्री सगळं चोख. पण कपाशीसाठी आणलेल्या डब्यात तळाशी थोडं उरतं आणि पलीकडेच वांग्याच्या ओळी असतात.

आपल्या ताटातला अंश त्या माणसांच्या वाट्याला आला त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे आधी कबूल करू. तरी तो कमी कसा करायचा? वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. २०१७मध्येच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन रसायनं निघून गेली. सालीत मुरलेला भाग मात्र तिथेच राहिला. आंतरप्रवाही औषधं तर झाडाच्या रसातूनच फिरतात, त्यांना सोडा काय करणार?

खरी गोष्ट ठरते शेतात. शेवटचा फवारा आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, ते औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. पण भेंडी दिवसाआड तोडावी लागते. आठवडाभर थांबलं तर ती जून होते आणि जून भेंडी आपण मोडून बघून तिथेच टाकतो. शेतकऱ्याने थांबायचं कुणाच्या भरवशावर?

म्हणून मी बोळ्यापेक्षा तोंड वापरते. माल स्वतःच्या शेतातला असेल तर सरळ विचारते, “मावशी, फवारा कधी मारला?” बऱ्याच जणी हसण्यावारी नेतात. परवा एकीने मात्र सांगून टाकलं, “वांग्याले कालच मारला, बाई. चवळीच्या शेंगा घ्या. त्या बांधावरच्या हायेत, त्याइले काई मारत नाही.”

वांगी चकचकीत होती. शेंगा वाकड्या, दोन-चार किडक्या. माझ्या शेजारी उभ्या ताईंनी हे सगळं ऐकलं आणि किलोभर वांगी मोजून घेतली.