कुकी घ्यावी की न घ्यावी?

‘कुकी’ म्हटलं की आमच्या हॉस्टेलमधल्या निम्म्या जणींना भूक लागते. पण मित्रमैत्रिणींनो, मी आज जिच्याबद्दल लिहिणार आहे ती कुकी खायची नाही. कुठलीही वेबसाईट उघडा, खालून एक पट्टी वर येते, ‘वुई यूज कुकीज’. शेजारी ठसठशीत बटण, ‘ॲक्सेप्ट ऑल’. आपण काय करतो? माशी हाकलावी तशी ती पट्टी हाकलतो. वाचत कोणीच नाही. मीही वाचत नव्हते, गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.

सुट्टीत मी घरी होते, वसईला, एव्हरशाईन सिटीत. आमच्या घरी लॅपटॉप एकच. त्यावर पप्पांचं ऑफिसचं काम, आईच्या रेसिपीज आणि मी आले की माझ्या असाईनमेंट्स. त्या आठवड्यात माझं नव्या लॅपटॉपचं टुमणं चालू होतं. पप्पा ‘बघू’ एवढंच म्हणत होते. एका दुपारी मी क्रिकेटचा स्कोअर बघायला बसले तर बाजूला जाहिरात, ‘शैक्षणिक कर्ज’. दुसरं पान उघडलं, तर ‘गृहकर्जावर टॉप-अप’. तिसऱ्यावर ‘सोने तारण कर्ज’. मी कर्ज कधी शोधलं नव्हतं. आई तर अशा भानगडीत पडतच नाही. मग उरलं कोण?

पप्पांनी घरात कोणालाच काही सांगितलं नव्हतं. जाहिरातींनी सांगितलं.

संध्याकाळी मी हळूच विचारलं, “पप्पा, तुम्ही लोनचे रेट बघत होतात का?” ते दचकलेच. “तुला कोणी सांगितलं?” मग सावरून म्हणाले, “अगं, नुसतं बघत होतो. ती पट्टी नेमकी आकड्यांवरच येऊन बसली होती. बटण दाबल्याशिवाय हलेना, म्हणून दाबलं.”

मी तशाच एका साईटची पट्टी त्यांच्यासमोर उघडली. ‘ॲक्सेप्ट’ न दाबता आतले तपशील काढले. कंपन्यांची लांबलचक यादी आणि पुढे जागोजागी शब्द, ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’. पप्पा म्हणाले, “इंटरेस्ट? म्हणजे इथेपण व्याज? किती टक्के?” आम्ही दोघं खूप हसलो. मग त्यांनी अर्थ विचारला आणि माझी बोबडी वळली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, पण त्या दोन शब्दांचा अर्थ मला धड मराठीत सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर इंग्रजीतही! मग आपण रोज ‘ॲक्सेप्ट’ करतो तरी काय? हॉस्टेलवर परत आल्यावर मी त्याच्या मागे लागले. जे कळलं ते इथे मांडते.

आधी कुकीची बाजू. वेबचं सगळं चालतं एचटीटीपी या प्रोटोकॉलवर, आणि त्याला स्मरणशक्ती नावाची गोष्टच नाही. प्रत्येक क्लिकला सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवीन पाहुणे. मग खरेदी करताना टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर त्याच्या लक्षात राहणार कशी? १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या इंजिनियरने यावर उपाय काढला. आठवण सर्व्हरवर ठेवायचीच नाही. एक छोटी चिठ्ठी गिऱ्हाईकाच्या ब्राउझरकडे द्यायची आणि पुढच्या वेळी ब्राउझरने ती दाखवायची. युनिक्सच्या प्रोग्रामर लोकांत अशा चिठ्ठीला ‘मॅजिक कुकी’ म्हणत, तेच नाव इथे चिकटलं.

म्हणजे कुकी हा प्रोग्राम नाही, व्हायरसही नाही. ते चार अक्षरांचं टेक्स्ट आहे: एक नाव, एक किंमत, बहुधा एक मुदत. आकार फार तर ४ किलोबाईटच्या आसपास. ती तुमच्या फाईली वाचू शकत नाही, आणि एका साईटची कुकी दुसऱ्या साईटला मिळत नाही. देवळाबाहेर चपलांच्या स्टँडवर बिल्ला देतात ना, अगदी तसं. स्टँडवाल्याला तुमचं नाव माहीत नसतं, पण बिल्ला दाखवला की तुमच्याच चपला मिळतात. लॉगिन टिकतं, रेल्वेचं तिकीट काढताना मधेच सगळं पुसलं जात नाही, ही या बिल्ल्याचीच कृपा. ही कुकी घ्यावी. तिच्याशिवाय चालायचं नाही.

मग घोडं कुठे पेंड खातं? आमच्या एव्हरशाईनचंच उदाहरण घेते. इथे सोसायट्याच सोसायट्या. बऱ्याच गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो: नाव, फ्लॅट नंबर, वेळ. त्यात गैर काही नाही. ते रजिस्टर त्या गेटपुरतं. पण समजा, प्रत्येक सोसायटीच्या गेटवर वॉचमनशेजारी एकाच बाहेरच्या कंपनीचा माणूस स्टूल टाकून बसलाय. पहिल्या गेटवर त्याने तुमच्या शर्टाला गुपचूप एक नंबर लावला, ४१७२. आता तुम्ही सकाळी एका सोसायटीत डॉक्टरांकडे गेलात, दुपारी दुसरीकडे वकिलाकडे, संध्याकाळी तिसरीकडे कर्ज देणाऱ्या एजंटकडे. कुठल्याच वॉचमनला तुमची पूर्ण हकीकत माहीत नाही. स्टुलावरच्या माणसाच्या वहीत मात्र सगळं ओळीने लिहिलंय. नाव माहीत नसेल त्याला, पण ४१७२ आजारी आहे, कज्ज्यात आहे आणि पैशाच्या अडचणीत आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

हीच थर्ड-पार्टी कुकी. आपण जे पान उघडतो त्यातली जाहिरात पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते. ब्राउझर ती आणायला गेला की ती कंपनी स्वतःचा नंबर त्याच्याकडे देते. तिचीच जाहिरात दुसऱ्या साईटवर असली की ब्राउझर इमानदारीत तोच नंबर परत दाखवतो, आणि आपण कुठल्या साईटवर आहोत हेही तिला कळतं. एका साईटची कुकी दुसरीला मिळत नाही हा नियम मोडलेलाच नाही! कंपनी एकच आहे, फक्त ती प्रत्येक गेटवर बसली आहे. कर्जाच्या पानावर पप्पांच्या शर्टाला लागलेला नंबर क्रिकेटच्या पानावर ओळखला गेला. लॅपटॉप एक, ब्राउझर एक. त्या माणसाला बाप आणि लेक यातला फरक काय कळणार?

आता काही जण म्हणतील, “आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?” पप्पांकडेही नव्हतं. लेकीच्या शिक्षणासाठी व्याजाचे दर बघणं हा काही गुन्हा नाही. पण ते घरात कधी आणि कसं सांगायचं, हे त्यांनी ठरवायचं होतं. तो हक्क त्यांच्या हातून गेला, आणि गेल्याचं त्यांना कळलंही नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. साईट फुकट मिळते ती जाहिरातींवर, मग सगळ्यांनी नाही म्हटलं तर खर्च भागवायचा कुणी? मान्य. पण जाहिरात आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेटच्या पानावर बॅटची जाहिरात लावायला माझ्या शर्टाला नंबर लावायची गरज नाही. वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं अशाच जाहिराती छापत आली आहेत.

या पट्ट्या आल्या कुठून, तेही बघू. युरोपने २००२ साली नियम केला आणि २००९ साली तो कडक केला, की निव्वळ गरजेची सोडून बाकी कुकी ठेवण्याआधी माणसाची संमती घ्या. कंपन्यांनी पट्ट्या लावल्या आणि पळवाटाही काढल्या. काहींनी चौकटीत आधीच टिक करून ठेवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की आयती टिक म्हणजे संमती नव्हे. काहींनी ‘हो’ एका क्लिकवर आणि ‘नाही’ चार क्लिकच्या मागे ठेवलं. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने याच कारणावरून गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. नुसतं बटण कुठे ठेवलं यावरून एवढा दंड! यूझर इंटरफेस हा सोपा विषय आहे असं म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निकाल दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांसाठी त्यात १८ महिन्यांची सवलत ठेवली आहे. कायदा म्हणतो, संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून, बिनशर्त आणि नि:संदिग्ध हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. या कायद्यात माणसासाठी सर्वनाम ‘ती’ वापरलंय, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. पण सगळ्यात आवडलं ते कलम वेगळंच. संमतीची विनंती साध्या सोप्या भाषेत हवी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. त्या परिशिष्टात मराठी आहे! उद्या पप्पांना ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’चा अर्थ विचारायला माझी गरज पडू नये. आपल्या माणसाला जे समजलंच नाही, त्याला त्याने ‘हो’ म्हटलं असं कसं म्हणायचं?

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही दुसऱ्यांनाच बोल लावते. तर आता कबुली देते. गेल्या वर्षी आपल्या फेस्टची वेबसाईट आमच्या टीमने केली. पट्टी मी लावली. नेटवरून आयता कोड उचलला, त्याला एकच बटण, ‘ओके’. हा लेख लिहायला घेतला तेव्हा सहज एफ-१२ दाबून त्या साईटच्या कुकीज तपासल्या. पट्टीवर कोणी काही दाबायच्या आधीच बाहेरच्या कंपनीची, भेटी मोजणारी कुकी ब्राउझरमध्ये जाऊन बसली होती. रजिस्ट्रेशनसाठी तिची काडीची गरज नव्हती. म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या शर्टाला नंबर लावणारा माणूस गेटवर मीच आणून बसवला होता, आणि स्टूलही मीच दिलं होतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, डेडलाईन होती. जगातल्या बऱ्याच पट्ट्या अशाच लागल्या असाव्यात असं आता वाटतं. तो कोड आम्ही काढून टाकला. काढल्यावर पट्टीचीही गरज उरली नाही!

मग कुकी घ्यावी की न घ्यावी? माझं मत: गरजेची घ्यावी, स्टूलवाल्याची घेऊ नये. ‘रिजेक्ट’ दिसलं तर तेच दाबा, चांगल्या साईटचं काहीही बिघडत नाही. दर वेळी कंटाळा येत असेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, प्रायव्हसीखाली, थर्ड-पार्टी कुकीज एकदाच बंद करा. सफारी २०२० पासून त्या आपणहून अडवतो. क्रोम त्या काढून टाकणार असं २०२० साली जाहीर झालं होतं, पण २०२४ साली तो बेत बदलला, तेव्हा तिथे हे काम आपलं आपणच करायचं. लॅबमधल्या आणि कॉमन रूममधल्या पीसीवरून उठताना लॉगआऊट कराच, कारण लॉगिनची कुकी म्हणजे चपलांचा बिल्ला: ज्याच्या हातात पडेल त्याला तुमच्या चपला मिळतील. याने पाळत पूर्ण थांबते असं नाही. ब्राउझरची ठेवण पाहून माणूस ओळखायच्या युक्त्याही आहेत. पण चोर हुशार आहे म्हणून कुणी कडी लावायची सोडत नाही.

आणि आपल्यासाठी शेवटचं. आज आपण या पट्ट्या दाबणारे आहोत, दोन-तीन वर्षांनी आपल्यापैकी कितीतरी जण त्या बनवणारे असू. त्या दिवशी ‘नाही’चं बटण ‘हो’एवढंच मोठं आणि त्याच्याच शेजारी ठेवायचं, एवढं तरी आपल्या हातात असेल. बॉस विचारेल ‘का?’, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

नव्या लॅपटॉपचं टुमणं मी बंद केलं, लॅबमधले पीसी पुरतात. पप्पांचा मात्र अधूनमधून फोन येतो, “अगं, ही पट्टी आलीय, काय दाबू?” मी एवढंच म्हणते, “पप्पा, आपल्या दाराची बेल वाजली की तुम्ही आधी काय विचारता?”

“कोण आहे?”

“तेच विचारा. मग उघडायचं की नाही ते ठरवा.”