विश्लेषण : हृदय सांधणारे ‘एक्सोसोम’, आधी चाचणी, मग बाजार

फेब्रुवारी १९६८ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पहिले यशस्वी प्रत्यारोपण व्हायला १९९४ साल उजाडले, तेही दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये. परळमध्ये कसबाची कमतरता नव्हती. परके हृदय शरीराने नाकारू नये यासाठीची प्रभावी औषधे आणि मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा तेव्हा नव्हता. ‘एक्सोसोम’चा गाजावाजा होत असताना ही २६ वर्षे आठवायला हवीत.

एक्सोसोम म्हणजे काय?
पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. आत प्रथिने आणि आरएनए असतात. एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचवणारे हे जणू टपालच.

हृदयाला उपयोग काय?
हार्ट अटॅकमध्ये मेलेला स्नायू जवळपास भरून येत नाही. तिथे व्रण राहतो. मूलपेशी टोचून नवा स्नायू तयार होईल, अशी आशा होती. पण टोचलेल्या पेशी फारशा टिकत नाहीत. तरीही प्राण्यांमध्ये थोडा फायदा दिसला. तो पेशींनी सोडलेल्या पिशव्यांमुळे असावा, असे संशोधकांच्या लक्षात आले. मग पेशींऐवजी पिशव्याच द्याव्यात, हा विचार पुढे आला.

अडचण कुठे?
शिरेतून दिलेल्या बहुतांश पिशव्या यकृत आणि प्लीहेत अडकतात. प्रत्येक बॅच सारखी बनवणेही कठीण. माणसांवरील चाचण्या अजून प्राथमिक टप्प्यात आहेत, पॅरिसमध्ये डॉ. फिलिप मेनाशे यांचा गट त्यावर काम करत आहे. घाईची किंमतही या क्षेत्राने मोजली आहे. हृदयातील मूलपेशींवरचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे हार्वर्डने २०१८ मध्ये सांगितले.

तरीही केसगळती आणि चेहऱ्यासाठी ‘एक्सोसोम थेरपी’च्या जाहिराती मोबाइलवर झळकतात. अमेरिकेच्या ‘एफडीए’ने २०१९ मध्येच अशा मान्यता नसलेल्या उत्पादनांबाबत सावध केले होते. उद्या हीच दुकानदारी हृदयरुग्णाच्या दारात येऊ नये. त्यासाठी चाचण्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत, सर्वांच्या नजरेसमोर व्हायला हव्यात.

रुग्णांनी काय करावे?
कोणी असा उपचार सुचवला, तर भारतीय चाचणी नोंदणी, म्हणजे ‘सीटीआरआय’चा क्रमांक विचारावा. चाचणीच्या नावाखाली पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरावे. आणि छातीत दुखू लागले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. बंद झालेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल, तितका स्नायू वाचतो. हे मात्र सिद्ध झालेले आहे.